दोन कुंभारणी

बापट कॅम्पात, आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये
दोन कुंभारणी.
एक मी. दुसरीची
कंबर दोऱ्याएवढी, पंख गेरूत बुडवल्यासारखे.

शाडूच्या गोळ्यावरचं ओलं फडकं
उचललं रे उचललं की ही हजर.
मोहरीएवढी माती तोंडात धरून जाते,
उधारीचं नाव नाही.
प्लास्टरच्या पोत्यांना मात्र कधी शिवली नाही.
या एका गोष्टीसाठी
ती मला माझ्या नवऱ्यापेक्षा शहाणी वाटते.

मीटरच्या लाकडी पेटीवर तिचं गाडगं.
चाक नाही, आवा नाही, तरी
काठ असा वळलेला
की सासरे असते तर म्हणाले असते,
पोरी, हिच्याकडं शीक.
सासऱ्यांचं चाक आता न्हाणीबाहेर आहे,
पाय घासायला.

मागच्या साली एक गाडगं मी स्क्रू-ड्रायव्हरनं फोडलं.
आत सात अळ्या, हिरव्या, दाटीवाटीनं.
मेलेल्या नव्हत्या.
एकीला काडीनं टोचलं, तर अंग जरासं आखडलं, बस.
वर तंतूला टांगलेलं
तांदळाच्या कणीएवढं अंडं.
सडू नये म्हणून
जिवंत ठेवलेली शिदोरी.
त्या रात्री मला जेवण गेलं नाही.
म्हणजे भाकरी गेली,
तांबडा रस्सा नाही गेला.

वडणग्याची शेवंता फ्लॉवर घेऊन येते,
तिला सांगितलं तर हसली.
"अगं, त्याच अळ्या माझं गड्डं खात्यात.
तुझ्या माशीला म्हणावं, ये की आमच्याकडं,
वर भाडं देतो."

पण बाबासोला विचारा.
ती वेगळी, गांधील, पिवळी, कागदी पोळ्याची.
भाताच्या पेंढ्यात त्यानं हात घातला
आणि पापणीवर दोन डंख.
लोखंड घासलं, चुना लावला,
शेवटी सीपीआरला नेला.
तीन दिवस मूर्तींचे डोळे आखायला माणूस नाही.
आंधळ्या गणपतींची रांग
माझ्याकडं बघत होती.
रॉकेलचा बोळा मीच पेटवला.
पोळं जळताना जुन्या वहीसारखा वास आला,
पांढरी पिल्लं टपटप पडली.
मला वाईट वाटलं नाही.
वाटायला पाहिजे होतं का,
ते अजून ठरलेलं नाही.

यंदा कुंभारणीनं जागा काढली ती
गंगावेशीतल्या एका तालमीच्या गणपतीच्या
कानामागे.
तोंड लिंपून गेली ती गेलीच.
पोराचं तोंड बघायला ही बाई थांबत नाही.
तालमीचा पोरगा आला, बोट दाखवून म्हणाला,
"काकी, हे काय ओ?"
मी म्हटलं, "रंग ओला हाय. सोमवारी न्या."

रंग सुकलेला होता.

सोमवारपर्यंत गाडग्याला भोक पडलं नाही.
मग माती कापायची तार घेतली,
श्वास धरला,
ओली पणती चाकावरून उतरवावी तसं
ते कानामागून सोडवलं,
आणि मीटरच्या पेटीवर, जुन्या जागेशेजारी,
शाडूच्या बोटानं चिकटवलं.
कानामागे टिकलीएवढा डाग राहिला.
तो बाबासोनं रंगवला, पुटपुटत.

आत अळ्या सरल्या असतील
किंवा सरायच्या असतील.
गोळ्यावरचं फडकं उचललं
की माझं लक्ष मीटरकडं जातं,
आणि हात आपोआप
डोळ्यावर.