एकोणिसावी गाठ

बरणीवर चिठ्ठी: लेकाल, वय एकसष्ट,
राहणार चंगकुंग बंदर, ताइतुंग.
जिभेची डावी कड वेगळ्या डबीत आलीय,
इथे फक्त मानेतली चरबी,
फॉर्मालिनमध्ये पिवळी, थंड, तळहाताएवढी.

जिभेवरची जखम अठरा मिलिमीटर. खोली चार.
पहिला टप्पा, असं कागद म्हणतो.
सर्जननं मान चाचपली होती, स्कॅन पाहिला होता,
काही नव्हतं.
तरी म्हणाला, मानही उघडू.
लेकाल हसले म्हणे:
जी दुखत नाही तिला कशाला छेडता?

सुरी बाजूला ठेवून मी बोटांनी शोधते.
चिमटीत चरबी धरायची, चुरडायची,
विरघळेल ते जाऊ द्यायचं,
जे दबत नाही ती गाठ.
तांदळातले खडे निवडावेत तसं,
फक्त इथे खड्यांसाठीच तांदूळ आणलेले.

सत्तावीस निघाल्या.
मुगाएवढ्या, मसुराएवढ्या, एक वालाएवढी.
सगळा संशय वालावर. ती निर्दोष निघाली.
एकोणिसावी मसुराएवढी, भोळी,
काचेखाली तिच्या कडेला, अगदी उंबऱ्याशी,
जिभेच्या पेशींनी बिऱ्हाड मांडलेलं,
तिळाहून लहान.

जिभेला हाड नसतं म्हणतात.
पोटात काही ठेवायला पोटही नसतं.
जखमेनं अजून आवाज चढवला नव्हता
तोवर गोष्ट गळ्याशी आलेली,
आणि षट्कर्णी होण्याआधी
ऐकणारा पहिला परका कान माझा.
मी लिहिलं: सत्तावीसपैकी एक.
त्या एकानं पहिल्याचा तिसरा टप्पा झाला.
मधला दुसरा कुठे गेला, कुणी विचारत नाही.

फेब्रुवारीत आमची गाठ पडली.
लिफ्टपाशी नर्सनं नाव विचारलं,
आणि त्या माणसाचे दोन्ही ल
ओहोटीच्या चिखलात होडी रुतावी तसे अडले.
शेजारच्या नातीनं नाव सांगून टाकलं.
तिच्याकडे न बघता
ते स्वतःच पुन्हा म्हणाले, सावकाश,
कानामागून गळ्यापर्यंतचा व्रण ताणत.

सुपारी सुटली का?
चाळीस वर्षं बोटीवर जागायला तीच होती.
आता खिशात एक गोटा ठेवतो, म्हणाले,
हात सारखा तिकडे जातो म्हणून.

नातीच्या पिशवीत घरामागची सीताफळं.
मला बिया वेगळ्या करता येत नाहीत आता,
असं काहीसं बोलले, निदान मला तसं कळलं,
वाटून टाक.
एक माझ्या हातात आलं.
मी कोण ते सांगितलं नाही.
काय सांगणार,
तुम्हाला नाही, पण तुमच्या एकोणिसावीला ओळखते?

रात्री ओट्यापाशी उभ्यानंच खाल्लं.
जीभ गर दाढांकडे लोटत,
गुळगुळीत तेवढं चाचपून पुढे आणत
आपलं आपण करत राहिली, मला न विचारता.
बशीत बिया पडत गेल्या.
मोजायच्या नव्हत्या.
दोनदा मोजल्या.
दोन्ही वेळा आकडा वेगळा.