शेवटच्या भागाला अक्षरं नव्हती

लातूर, औसा रोडच्या मागची गल्ली,
तिसऱ्या मजल्यावर पत्र्याची खोली, नंबर बारा.
चार कॉट, चार ट्रंका, एक पंखा
आणि तौसिफच्या फुटक्या काचेच्या मोबाईलात
एक यान,
जे कुणीच पाहिलं नव्हतं.

खरंच कुणी नाही. क्लासमधली पोरं
तलवारी, राक्षस, केसांतून वीज निघणारे हिरो बघायची.
आमचं जपानी कार्टून बिनमारामारीचं.
सव्वीस भागांत एकदाच कुणीतरी कुणाच्या थोबाडीत देतं
आणि पुढचे दोन भाग तेच दोघं मिळून भांडी घासतात.

गोष्ट एवढीच की
मोठी माणसं पहिल्याच भागात संपतात.
उरतात अकरा पोरं, सोळा-सतरा वर्षांची,
इंजिन बंद
आणि पृथ्वी मागच्या खिडकीत
हरभऱ्याएवढी.

हरभऱ्याएवढी हे मी म्हणतोय.
व्यंकट म्हणायचा, "तुरीएवढी की रे. हरभरा मोठा ऱ्हातोय."
त्याच्याकडं निलंग्याला दोन्ही पिकायचं,
म्हणून त्याचं ऐकलं.

साडेदहाला काकू मेन स्विच पाडायच्या.
मग एका चादरीखाली चार डोकी.
इंग्रजी अक्षरं खालून पळायची,
राजरत्न ती पकडून आमच्या बोलीत सांगायचा, कुजबुजत,
आणि आठव्या-नवव्या भागापर्यंत
यानातली पोरं आमच्यासारखीच बोलायला लागली:
"काय करायलीस गं? हवा किती दिवसाची ऱ्हायली?"
"बगायलाव की."

त्यांच्याकडं हवेचा काटा.
आमच्याकडं गच्चीवरची टाकी.
नळ दहाव्या दिवशी, टँकर आला तर आला.
मी बोटाच्या पेरानं टाकी वाजवत जायचो, खालून वर,
ठक्क, ठक्क, ठक्क,
मग एका जागी आवाज पोकळ. तिथवर पाणी.
खाली येऊन सांगायचो, "दोन दिवस. आंघोळ कुणी करायची नाय."

यानात एक बुटका मुलगा होता,
तोही भिंती वाजवत फिरायचा, हवा कुठून जातेय म्हणून.
पोरं मला त्याच्याच नावानं हाक मारायची.
दोन वर्षं मारली.
तरी नाव विसरलो.

रविवारी टेस्ट. सोमवारी जिन्यात यादी.
व्यंकट दर सोमवारी एक पायरी खाली.
पंचविसावा भाग झाला त्या आठवड्यात
त्याचे वडील छोटा हत्ती घेऊन आले.
ट्रंक, गादी, बादली, बादलीत मग.
"शेवटचा भाग बगून येतो की," तो म्हणाला.
वडिलांना वाटलं, अभ्यासातला.
"ऱ्हाऊ दे आता," ते म्हणाले, अगदी हळू.

शेवटचा भाग मिळाला तर खाली अक्षरंच नाहीत.
भाषांतर करणारा कुठल्या मुलखातला कोण,
कंटाळला असेल, नाहीतर नोकरी लागली असेल.
कॅप्टन मुलगी खिडकीशी उभी राहून बोलते, बराच वेळ.
राजरत्न गप्प.
तौसिफ म्हणाला, "बोलरी, खाना खालेव सब."
राजरत्न म्हणाला, "नाही. म्हणायलीय, मला कॅप्टन व्हायचंच नव्हतं."
मला वाटलं, ती हजेरी घेतेय,
नसलेल्यांचीही.

मग कुणीतरी यान वाजवलं.
ठक्क. ठक्क. ठक्क.
अकरा चेहरे वर.
पडदा काळा, आणि नावं.

परवा अंबाजोगाईला, लॅबच्या रात्रपाळीत,
रक्ताच्या नळ्या फिरत असताना
सापडला तो भाग, अक्षरांसकट.
मुलीचं ते लांबलचक बोलणं म्हणजे
यानातल्या भाजीच्या वाफ्यांना पाणी घालायच्या पाळ्या.
सोमवारी कोण, मंगळवारी कोण. बस.
आणि अगदी शेवटी चौकटीत:
ठोकल्याचा आवाज.
आतून की बाहेरून, ते लिहिलेलं नाही.

व्यंकटला पाठवला.
तीन दिवसांनी निळी खूण,
मग त्याचा आवाज, मागं मळणीयंत्राची धडधड:
"आरं, ती तूरच हाय.
नीट बग खिडकीत."