शेवटचं पाणी

डंडीत, तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये
काचेच्या बरणीत चाळीस दात.
कुणाचे ते लिहिलेलं नाही, फक्त आकडे.
सतरा नंबर चहानं काळवंडलेला.
इशबेल म्हणते, हा नक्की एखाद्या बसड्रायव्हरचा.

मुळाची नळी कोरून झाली
की सगळ्यांना आधी तेच पाणी, हायपोक्लोराइट,
पोहण्याच्या तलावासारख्या वासाचं.
ते सडकं खातं, जंतू मारतं,
पण जाताना भिंतीत प्राणवायू ठेवून जातं
आणि मग रेझिन नीट धरत नाही.
म्हणून प्रश्न एवढाच :
शेवटचं पाणी कोणतं?
दहांना तेच पुन्हा. दहांना ईडीटीए.
दहांना क्लोरहेक्सिडीन, त्याआधी साधं पाणी विसरलात
तर नळीत विटकरी गाळ.
उरलेल्यांना नुसतं सलाइन.

इस्लामपूरला एसटी स्टँडमागे दस्तगीर भाता मारायचा.
तापल्या पातेल्यात चिमूटभर नवसागर,
भस्सकन धूर, आम्ही पोरं खोकत मागे,
आणि कापसाच्या बोळ्यामागे कथील पळत सुटायचं.
एकदा नवसागर संपला तर त्यानं गिऱ्हाईक परत पाठवलं.
म्हणाला, कथील आहे हो, भांडं राजी नाही.

एक मिलिमीटरच्या चकत्या.
यंत्राची सुई मधल्या भरणावर टेकते, ढकलते.
पहिल्या दहांचं भरण सुटतं
चिंचेतून चिंचोका निसटावा तसं.

हणमंताशी मी बत्तीस वर्षं बोललेय,
रुसवे, उसने पैसे, एका ताटातली जेवणं,
पण विमानतळावर निघताना जे बोलले
तेवढंच भिंतीत राहिलंय.
आता फोन लावते, हवापाण्याचं बोलतो, ठेवतो.
आई म्हणते, भावावर दात धरू नये गं.
आणि मी दिवसभर तेच तर धरते,
चिमट्यात.

पाच वाजले. टे नदीवर केव्हाचा काळोख.
सतरा नंबर. ईडीटीए, मग पाणी.
सुई टेकते. आकडा चढतो, चढतच राहतो,
इशबेल कोटाची एक बाही घालून थांबते.
कट्.

भिंगाखाली : भरण जागच्या जागी.
तडा गेलाय तो दाताला.
वहीत लिहिते, जोड शाबूत, दात फुटला.
हे चांगलं की वाईट, इशबेल विचारते.
आकडा चांगला आहे, म्हणते मी.

तिकडे साडेदहा. हणमंत जागा असेल.