पाठीशी

मलय भाषेतून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत,
मराठीतून परत इंग्रजीत,
अर्थ वाटेत सांडला का ते पाहायला,
अशी फिरत ही प्रश्नावली माझ्या हाती आली.
एकवीस वाक्यं. बाळंतिणीला मिळणारा सामाजिक आधार.
चौकटी पाच: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बहुधा, नेहमी.
मला दोनशे दहा बाया हव्या होत्या
आणि मे महिना होता.

'आधार' पहिल्याच दिवशी पडला.
वॉर्ड चारमध्ये कांचनमाला गजभियेनं
उशीखालून पाकीट काढलं, पाकिटातून कार्ड.
"हाय ना जी. फक्त बोटाचे ठसे जुळत नाही.
भांडे घासू घासू रेघाच गेल्या."
मी वहीत लिहिलं, शब्द बदलणे.
ठशांचं कुठं लिहायचं ते कळलं नाही.

भाषातज्ज्ञांनी 'भावनिक पाठबळ' सुचवलं.
ते खोडून, जरा धीर करून, सातव्या ओळीत मी लिहिलं:
गरज पडली तर माझ्या पाठीशी कोणीतरी असतं.
घरातलं वाक्य. मला त्याचा अभिमानच वाटला.

रेवती धकाते, गोळीबार चौक,
पहिली मुलगी, दोन किलो तीनशे.
सासू स्टुलावर, पदरानं वारा घेत.
मी वाक्य वाचायची, रेवती सासूकडे पाहायची,
सासू माझ्याकडे.
"नेहमी," रेवती म्हणायची.
एकवीस वेळा नेहमी.
इतकी सुखी बाई त्या वॉर्डात दुसरी नव्हती.

नियम असा, की पंधरा दिवसांनी पुन्हा विचारायचं,
तेच, त्याच क्रमानं.
उत्तरं जुळली तर मोजपट्टी खरी.

दुपारचे दोन. बंद पडलेल्या मागावर लंगोट वाळत होते.
कूलर होता, पाणी भरलेलं होतं, बटण बंद.
बाळंतिणीला वारा लागतो.
खाटेखाली शेगडी, निखाऱ्यावर ओवा.
सासू रेशनच्या रांगेत.

"सातवा. गरज पडली तर माझ्या पाठीशी..."
ती हसली, टाके ओढले तशी थांबली.
"पाठीशी त शेगडीच हाय जी.
पुढं पोरगी, बाजूले भिंत.
माय आली होती, तीन दिवस राह्यली.
कळमन्यात मिरचीचे देठ खुडते ते, रोजी बुडते तिची.
दवाखान्यात बाजूची खाट होती ना, सत्तावीस नंबर,
तिनं माही पोरगी दोन रात्री अंगावर पाजली.
मले दूधच नोतं.
नाव नाही इचारलं मी.
तिले कोणत्या खान्यात टाकता?"

मी पेन्सिल धरून बसले.
मग तिनंच बोट ठेवलं: कधीच नाही.

उमरेडकर सरांची खोली थंड होती.
सातवं वाक्य काढलं की अल्फा वर जातो, त्यांनी दाखवलं,
शून्य पूर्णांक एकोणऐंशीवरून चौऱ्याऐंशी.
"बायांचा गोंधळ होतोय. वाक्य संदिग्ध आहे."
आकडा खरंच चढला. मी पाहिला.

कुठंतरी वाचलं होतं, तिकडच्या बाया
दगड तापवून, कापडात गुंडाळून पोट शेकतात.
त्यांनाही विचारलं असेल कुणी, अशाच उकाड्यात.
एखादीनं दगडाकडे बोट केलं असेल.
तरी तिकडे ते वाक्य राहिलं.
नाहीतर इथवर आलंच नसतं.

माझ्या प्रबंधात वीस वाक्यं आहेत. विश्वासार्हता उत्तम.
रेवतीच्या कागदाच्या मागे, पेन्सिलीनं,
खाट सत्तावीस, दोन रात्री.
नंतर एकदा मी वॉर्डाचं रजिस्टर काढून बघितलं.
त्या आठवड्यात सत्तावीसवर तिघी होत्या.
एक उईके. एक अन्सारी.
तिसरीच्या नावावर पाणी सांडलेलं.