तोंडी लावणं

निकुंभ सरांनी फळ्यावर लिहिलं : ऑप्सोनिन.
खडू मध्येच तुटला, शेवटचा 'न' लंगडाच राहिला.
अंमळनेरात त्या दिवशी चव्वेचाळीस होतं,
अर्धा वर्ग बाकावर वितळलेला.

जंतू गुळगुळीत असतो, सर म्हणाले,
अंगाभोवती बुळबुळीत झूल.
पांढरी पेशी हात घालते, हात निसटतो.
मग रक्तातलंच कुणी येऊन त्याला चिकटतं
आणि तोच जंतू पेशीला गिळावासा वाटतो.
शब्द मूळचा ग्रीक. ऑप्सोन :
भाकरीसोबत खायचं ते.
कालवण म्हणा, चटणी म्हणा.

मी वहीत लिहिलं, तोंडी लावणं.

आमची खानावळ स्टँडमागे. दोन बाकडी, चौदा ताटं.
कळण्याची भाकरी थापताना माय मान वर करत नसे,
तरी कोण आलंय ते चपलांवरून ओळखायची.
धुळे गाडीचा ड्रायव्हर असो की कापसाचा दलाल,
पहिला प्रश्न ठरलेला :
तोंडले लावाले काय शे, कौतिकमाय?
भाकरीचं कुणी विचारलं नाही कधी.
भाकरी असतेच.

संध्याकाळी तिला सगळं सांगितलं.
पाट्यावर मिरच्या, वरवंटा हातातच थांबला.
"म्हंजे आपन दुश्मनलेबी चटनी लावतस?"
हो, म्हटलं.
"मंग तो खानारा बराच लाडावेल दिसस."

पुढे कुठेसं वाचलं,
समुद्राकाठच्या त्या लोकांत शब्द आटत आटत
नुसती मासळी उरला.
आमच्याकडे समुद्र नाही. बोरी आहे,
वैशाखात तीही नाही.
इथे तो आटला असता तर ठेचाच झाला असता.

आता धुळ्याच्या लॅबमध्ये रात्रपाळीला
भिंगाखाली पेशी बघतो,
पोटात दोन-दोन जंतू, जोडीनं गिळलेले.
त्यांना काय लावलं होतं ते काचेवर दिसत नाही.

मायला न्यूमोनिया झाला त्या माघात
तिची काचही मीच बघितली.
पेशी जेवत होत्या.
ती मात्र अकरा दिवस पेज बाजूला सारत राहिली,
जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडाला चव पुरवलेली बाई.

बाराव्या दिवशी तिच्याच पाट्यावर
लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे,
माझ्या हातानं जमेल तसं ओबडधोबड वाटलं.
बोटभर चाटून तिनं तोंड वाकडं केलं,
"मीठ जास्ती व्हयनं,"
आणि भाकरीकडे हात केला.