दोनशे चौदा ओळी

जुलैत मी धोक्यांची यादी करायला बसले.
चिलोएच्या खाडीवर आमचा शिंपल्यांचा कारखाना :
पत्र्याच्या भिंती आतूनही घामेजलेल्या,
ऑफिसात लाकडाची शेगडी,
शेगडीवर माझे मोजे.

पहिल्या रात्री चाळीस ओळी झाल्या.
केसाची पिन. कोटाचं बटण. दोरीचा निळा धागा.
शिंपल्यात बिऱ्हाड करून राहिलेला इवलासा खेकडा;
त्याच्यापुढे लिहिलं : दाताला इजा, संभव.
आठवड्याने एकशे साठ.
दिव्याची काच, सीगलचं पीस, भूकंप.
भूकंपाला शक्यतेचे पाच, तीव्रतेचे पाच,
पाच पंचे पंचवीस, म्हणजे लाल रकाना.
दर तासाला भूकंप तपासून सही कोण करणार
हे छापून झाल्यावर सुचलं.

दोनशे चौदा ओळी. अडतीस पानं.
बेलार्मिनो कढईवर असतो.
त्याची पानं महिन्याने चाळली :
सहाच्या, सातच्या, आठच्या रकान्यात
एकच शाई, एकच तिरका उतार,
आणि तिन्हींवरून गेलेला एकच कॉफीचा गोल.
रागावले नाही.
साप साप म्हणून भुई मी धोपटत होते
आणि काठी त्याच्या हातात दिली होती.

मग उलटी लहर आली.
एका दुपारी सगळं खोडून नऊ ओळी ठेवल्या,
एक पान, प्लास्टिकच्या कव्हरात,
वर ठळक : उकळणे.
उकळल्यावर काय उरतं?

एदुविना नाउएल्किन सव्वीस वर्षं माल उतरवण्याच्या दारात उभी आहे.
वाफेने चष्मा धुरकटतो म्हणून ती तो घालत नाही.
पान हातभर लांब धरून वाचलं, उलटून मागे पाहिलं.
मागे कोरं होतं.
"यात माझं दार कुठे आहे?"
म्हटलं, दारातून काहीही येवो, कढई आहे ना पुढे.
तिने वाद घातला नाही.
हातमोजा काढला, ओठांना बोट लावलं.
"एर्मेलिन्दोचे आधी हे बधिर झाले.
मग बोटं. मग त्याला श्वास घ्यायचा आठवेना.
माझ्या बहिणीनेच उकळले होते,
चांगले वीस मिनिटं."

लाल भरतीचं विष
पाण्याला रंग न देताही येतं,
आणि उकळीला भीक घालत नाही.
शिंपले कुठल्या पाण्यातून काढले
हे फक्त पोत्यावरची चिठ्ठी सांगते.
चिठ्ठी माझ्या यादीत होती.
एकशे एकतिसावी ओळ,
केसांची जाळी आणि फरशीचा ब्रश यांच्या मधोमध.
पिनांबरोबर तीही मी झाडून टाकली होती.

त्या रात्री अडतीस पानं पुन्हा जमिनीवर पसरली.
एकेका ओळीला विचारत गेले :
तू आलीस तर कोणाचं काय होईल?
आणि तुला अडवणारं शेवटचं माणूस कोण?
पिना कपडे बदलायच्या खोलीत गेल्या,
काच दिवे बदलणाऱ्याच्या वहीत,
भूकंप टेकडीच्या वाटेच्या नकाशावर.
कोणालाही हाकललं नाही, ज्याचं त्याचं घर दाखवलं,
आणि का, ते एका वाक्यात लिहिलं.
(खेकड्याचं वाक्य मला अजून जमलेलं नाही.)
सकाळी जमिनीवर तीन ओळी उरल्या :
दार. कढई. कढईनंतरची थंडी.

मार्चात गाल्वारिनोची बोट आली, साठ पोती.
एकावरची चिठ्ठी पाण्याने धुतलेली,
नुसता दोरा लोंबत.
एदुविनाने पट्टा थांबवला.
गाल्वारिनो आईची शपथ घेत होता, मग तिच्या आईची.
ती दोऱ्याचं टोक चिमटीत धरून उभी.
ते पोतं विषारी होतं का, मला ठाऊक नाही.
फेकलं.

संध्याकाळी बेलार्मिनोचं पान पाहिलं.
सहाच्या रकान्यात निळी शाई.
सातला अक्षर फिकट होत गेलेलं,
शेवटी नुसता ओरखडा.
आठला पेन्सिल.
कोणाकडून तरी मागून आणलेली.