सकाळचे साडेपाच

मुंगी स्टुडिओतले नऊ हजार फोटो
एकाच क्षणी काढलेले निघाले:
एक जानेवारी एकोणीसशे सत्तर, सकाळचे साडेपाच.
वासंतीताई म्हणाल्या, तेव्हा बाबा सहावीत होते,
आणि इंदूरच्या थंडीत एवढ्या पहाटे
लग्न कोण लावतं, भिया?

मी म्हटलं, तारीख हरवली की सर्व्हर शून्य धरतो,
आणि त्याचं शून्य ग्रीनिचला मध्यरात्री वाजतं,
रामबागेत येईस्तोवर साडेपाच होतात.
दुधाची वेळ, म्हणत त्यांनी चहा टाकला.

अल्बम मॅकवर, छपाई विंडोजवर,
मधे जुन्या फ्रेमांच्या कपाटात लिनक्सचा घरघरता डबा.
आपण एकच बोलतोय असं तिघांनाही वाटतं.

बोऱ्हाडे नावाचे दोन फोल्डर होते.
एका नावात ऱ सबंध,
दुसऱ्यात साधा र आणि त्याच्या पायाशी सुटा नुक्ता.
डोळ्यांना एक, डब्याला दोन घरं.
एकात वरात, एकात पाठवणी.
नवरी दोन्हींकडे तीच.

आणि त्या बारीक फायली:
आधी टिंब, मग अधोरेखा, मग फोटोचंच नाव.
चार केबी. उघडत नाहीत, दिसत नाहीत धड.
भूषण रोज संध्याकाळी झाडायचा त्या,
दुकान बंद करायच्या आधी, केर काढावा तशा.
त्याला काय बोलणार?
पहिल्या नोकरीत मीही झाडल्यात.

त्यांत बाबांच्या टिपा होत्या.
बॅकअप अकराच दिवसांचा. एक्केचाळीस परत आल्या.

*डोळे मिटलेत. तरी हाच घ्या.*
*डावीकडचे आजोबा कापू नका, मुलगी त्यांच्याकडे बघतेय.*
*पैसे बाकी. मागायचे नाहीत.*

एवढंच वाचून ताई उठल्या,
गॅस बंद होता तो पुन्हा बंद केला.

तारखा फोटोंच्या पोटातच होत्या, एकेक काढून लावल्या.
रात्री दोनला नऊ हजार लग्नं आपापल्या मुहूर्तावर गेली.
सात फोटो राहिले, त्यांच्या पोटातही काही नव्हतं.
ते अजून साडेपाचलाच आहेत.

निघताना भूषणच्या स्क्रीनला चिठ्ठी चिकटवली:
टिंबाने सुरू होणारं काहीही पुसू नये.
त्याने दोनदा वाचली.
"आणि तो दुसरा र?
तो कीबोर्डवर कुठेय, सर?"